नाळेतल्या रक्तातल्या पेशी आता वाढवता येतात, मग ते रक्त साठवून ठेवायचं का?

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की आज त्यावर जरा सविस्तर लिहितो आहे.

एक जोडपं ओपीडीत आलं होतं. तिला सातवा महिना. खरं तर ते सोबतच्या सासूबाईंचे रक्ताचे रिपोर्ट दाखवायला आले होते. ते काम झाल्यावर नवऱ्याने पिशवीतून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढलं.

"डॉक्टर, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवायचं म्हणतोय. पंच्याहत्तर वर्षांसाठी. हप्ते पाडून देतात."

मी नेहमीप्रमाणे सांगितलं की त्या पिशवीत पेशी फार थोड्या असतात, मोठ्या माणसाला पुरत नाहीत. त्याचं उत्तर तयार होतं. "हो, पण आता त्या लॅबमध्ये वाढवतात ना? ही बघा बातमी." मोबाइलवरची बातमी मी वाचली. ती खरी होती. सासूबाई म्हणाल्या, "पैसे काय, येतील-जातील हो डॉक्टर. नातवंडाच्या जिवाचा प्रश्न आहे. उद्या वाटायला नको की तेव्हा ठेवलं असतं तर."

हे शेवटचं वाक्य फार जड असतं. आईबापांना ते टाळता येत नाही आणि विकणाऱ्यालाही ते बरोब्बर ठाऊक असतं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. नाळेतल्या पेशी सुधारण्याचं संशोधन खरं आहे, मोलाचं आहे आणि त्यामुळे काही रुग्णांचे जीव वाचतील. पण त्या बातमीवरून "म्हणून आपल्या बाळाचं रक्त आपल्यासाठी विकत साठवून ठेवा" असा निष्कर्ष निघत नाही. असं का, ते समजून घेऊया.

नाळेतल्या रक्तात असं काय असतं?

आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो, त्याला बोन मॅरो म्हणतात. त्यात स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी असतात. या पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आयुष्यभर तयार होत राहतात. ब्लड कॅन्सर, थॅलेसेमिया, सिकलसेल, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत हा कारखानाच बिघडलेला असतो. मग औषधांनी जुना कारखाना रिकामा करायचा आणि दुसऱ्या निरोगी माणसाच्या मूळपेशी द्यायच्या, याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो. नावात ट्रान्सप्लांट असलं तरी यात ऑपरेशन नसतं. पेशी रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून देतात आणि त्या आपली वाट शोधत हाडांत जाऊन बसतात.

बाळ जन्मलं, नाळ कापली, की वारेत आणि नाळेत थोडं रक्त उरतं. त्यातही या मूळपेशी असतात आणि त्या तरुण, जोमदार असतात. १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फँकोनी ॲनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या एका अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतल्या रक्ताने बरं केलं. जगातलं हे पहिलं असं प्रत्यारोपण. तोवर वारेबरोबर हे रक्तही टाकूनच दिलं जायचं.

या रक्ताचा मोठा फायदा जुळणीत आहे. दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशींची ओळखपत्रं जुळावी लागतात, त्यांना एचएलए म्हणतात. मोठ्या माणसाच्या बोन मॅरोत ती काटेकोर जुळावी लागतात. नाळेतल्या रक्तातल्या प्रतिकारपेशी अजून शिकाऊ असतात, त्यामुळे सहापैकी चार खुणा जुळल्या तरी काम भागू शकतं. नव्या पेशींनी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करण्याचा जुनाट आजारही नाळेच्या रक्तानंतर तुलनेने कमी दिसतो.

हे महत्त्वाचं का? कारण पूर्ण जुळणारा दाता मिळणं हे तुमच्या वंशावरही अवलंबून असतं. अमेरिकेच्या दाता-नोंदणीच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के होती, तर कृष्णवर्णीय रुग्णांना २० टक्क्यांपेक्षाही कमी. ज्यांच्यासारखे लोक नोंदणीत कमी, त्यांची चिठ्ठी निघणं अवघड. नाळेच्या रक्ताने अशा लोकांसाठी एक दार उघडलं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण संख्येची आहे. साधा हिशोब करून पाहू.

प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी पेशी लागतात, असा ढोबळ नियम आहे. १२ किलोच्या मुलाला ३० कोटी लागतील. ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. नाळेतून साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त मिळतं, म्हणजे अर्ध्या कपाच्या आसपास, आणि बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्यात साधारण शंभर कोटी पेशी असल्या तर ती पिशवी चांगली म्हणायची. गोठवून पुन्हा वितळवताना त्यातल्याही काही मरतात. शिवाय या सगळ्या काही मूळपेशी नसतात. खऱ्या मूळपेशी शंभरात एकाहूनही कमी.

म्हणून लहान मुलांना ही पिशवी पुरते आणि मोठ्या माणसांना अपुरी पडते.

अपुरी पडते म्हणजे नेमकं काय होतं, हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं. मी ते वॉर्डात पाहतो. केमोथेरपीने जुना मगज रिकामा झालेला असतो. नव्या पेशी दिलेल्या असतात, पण त्यांनी अजून कामाला सुरुवात केलेली नसते. या काळात रुग्णाच्या अंगात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य असतात. तोंडभर फोड असतात, पाणी गिळवत नाही. ताप चढला की अँटिबायोटिक बदलायचं, फंगसचं औषध सुरू करायचं, प्लेटलेटच्या पिशव्या मागवायच्या. बाहेर काचेपलीकडे घरचे रोज सकाळी एकच विचारतात, "आज काउंट किती?" दुसऱ्या माणसाच्या बोन मॅरोने किंवा रक्तातून काढलेल्या मूळपेशींनी हा काळ साधारण दोन-तीन आठवड्यांत संपतो. नाळेच्या रक्ताने मोठ्या माणसाला तीन-चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. काही वेळा पेशी रुजतच नाहीत. या वाढीव दिवसांतच जंतुसंसर्ग घात करतो.

नाळेच्या पेशी सुधारण्याचा सगळा खटाटोप हे रिकामे दिवस कमी करण्यासाठी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पेशी सुधारायच्या म्हणजे काय करायचं?

पहिला सोपा उपाय सुचला तो हा की एका पिशवीने भागत नसेल तर दोन बाळांच्या दोन पिशव्या द्या. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात हे सुरू झालं आणि मोठ्या माणसांसाठी दार खुलं झालं. गंमत म्हणजे दोन्ही पिशव्या दिल्या तरी शेवटी बहुतेकदा एकाच बाळाच्या पेशी टिकतात. मुलांमध्ये मात्र दुसऱ्या पिशवीने फायदा झाला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक पिशवी दिलेली ७३ टक्के मुलं वर्षभरानंतर जिवंत होती आणि दोन पिशव्या दिलेली ६५ टक्के. जास्त म्हणजे चांगलं असं दर वेळी होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पेशी प्रयोगशाळेत वाढवणं. ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक मोठी मेख आहे. ती शेतकऱ्याला लगेच कळेल. मूळपेशी हे पेरणीसाठी राखलेलं बियाणं आहे. त्याला पोषण दिलं की ते उगवायला लागतं, म्हणजे पेशींची संख्या वाढते खरी, पण त्या तयार रक्तपेशी होण्याच्या मार्गाला लागतात. सगळंच उगवलं तर पुढच्या हंगामाला बियाणं कुठून आणणार? पेशी वाढल्या पाहिजेत, पण त्यातल्या पुरेशा बियाणंच राहिल्या पाहिजेत. शास्त्रज्ञांची तीस वर्षं या एका गाठीत गेली आहेत.

ती सोडवण्याचे काही प्रयत्न थोडक्यात सांगतो.

सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या डॉ. कोलीन डेलानी आणि सहकाऱ्यांनी पेशींना "अजून मोठ्या होऊ नका" असा संकेत देणारं एक प्रथिन वापरलं. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की अशा वाढवलेल्या पेशी दिल्यावर पांढऱ्या पेशी २६ ऐवजी १६ दिवसांत वर आल्या. पण या पेशी बहुतेक रुग्णांत फक्त सुरुवातीचे दिवस सांभाळून गेल्या. दीर्घकाळचं काम सोबत दिलेल्या न वाढवलेल्या पिशवीनेच केलं.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात नाळेच्या पेशी मगजातल्या आधारपेशींच्या गादीवर वाढवल्या, म्हणजे घरच्यासारखं वातावरण दिलं. २०१२ च्या त्यांच्या अहवालात २४ ऐवजी १५ दिवस लागले.

इस्रायलमधल्या संशोधकांनी निकोटिनामाइड वापरलं. हा बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. त्याने पेशी वाढतात, पण त्यांची प्रौढ होण्याची घाई कमी होते. कॅनडात मॉन्ट्रियलच्या चमूने यूएम-१७१ नावाचा रेणू शोधला. त्यापासून तयार केलेल्या उपचाराला २०२५ मध्ये युरोपीय संघाने सशर्त परवानगी दिली.

तिसरा मार्ग वेगळाच आहे. संख्या वाढवण्याऐवजी पेशींना पत्ता नीट सापडेल असं करायचं. शिरेतून दिलेल्या पेशींतल्या बऱ्याच फुफ्फुसांत, यकृतात भरकटतात. नाळेच्या पेशींवर फ्यूकोज नावाची एक साखर कमी असते आणि ती हाडाच्या दारावरची कडी पकडायला लागते. ती साखर अर्ध्या तासात प्रयोगशाळेत चिकटवता येते. छोट्या चाचण्यांत याचाही फायदा दिसला आहे.

ज्या औषधाची बातमी होती, त्याचं काय?

निकोटिनामाइडच्या पद्धतीतून तयार झालेल्या ओमिडुबिसेल या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. रक्ताच्या कॅन्सरचे १२ वर्षांवरचे रुग्ण, ज्यांना नाळेच्या रक्ताचं प्रत्यारोपण करायचं आहे, त्यांच्यासाठी. मोबाइलवरची ती बातमी हीच.

यामागची चाचणी १२५ रुग्णांची होती. निम्म्यांना साधं नाळेचं रक्त, निम्म्यांना वाढवलेलं. पांढऱ्या पेशी वर यायला साध्या रक्ताने २२ दिवस लागले, वाढवलेल्याने १२. गंभीर जिवाणूंचे आणि फंगसचे संसर्ग ५७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. पहिल्या शंभर दिवसांत रुग्ण घरी राहिले ते ४८ ऐवजी ६१ दिवस.

काचेबाहेर उभ्या असलेल्या बायकोला, आईला हे आकडे दाखवा. दहा दिवस आधी काउंट येणं म्हणजे काय, ते तिला सांगावं लागत नाही.

पण डॉक्टर म्हणून मला दुसरी बाजूही सांगायला हवी. या चाचणीत रुग्ण जास्त जगले असं ठामपणे सिद्ध झालं नाही. तेवढ्यासाठी ती चाचणी लहान होती. आणि या उपचाराची अमेरिकेतली जाहीर किंमत २०२३ मध्ये ३,३८,००० डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेतीन कोटी रुपयांच्या आसपास. प्रत्यारोपणाचा बाकीचा खर्च वेगळा.

आणखी एक गोष्ट बातमीच्या मथळ्यात नव्हती. ते वाढवलेलं रक्त रुग्णाचं स्वतःचं नव्हतं. कुणा अनोळखी आईने दान केलेलं, सार्वजनिक पेढीत तपासून ठेवलेलं, मुळातच चांगल्या पेशीसंख्येचं म्हणून निवडलेलं ते रक्त होतं.

"पण उद्या आमची छोटी पिशवीही वाढवता येईल ना?"

हा त्या नवऱ्याचा खरा मुद्दा होता. तो मूर्खपणाचा नाही. आज लहान वाटणारी पिशवी वीस वर्षांनी पुरेल, म्हणून ठेवून द्यावी, असं कुणालाही वाटेल. मी त्याला चार गोष्टी सांगितल्या.

एक. वाढवल्याने पेशींची संख्या बदलते, जनुकं बदलत नाहीत. बाळाला थॅलेसेमिया मेजर किंवा सिकलसेल असेल तर तो दोष नाळेतल्या प्रत्येक पेशीत आहे. दहापट केल्या तर दोषही दहापट. किडकं बियाणं पोत्याने पेरून पीक येत नाही.

दोन. मुलांमधल्या ब्लड कॅन्सरची सुरुवात काही वेळा जन्माआधीच झालेली असते आणि ते बदल नाळेच्या रक्तात सापडले आहेत. शिवाय ब्लड कॅन्सरमध्ये दुसऱ्याच्या पेशी देण्याचं एक कारण हेच की त्या उरल्यासुरल्या कॅन्सरपेशींना परक्या म्हणून ओळखतात आणि मारतात. स्वतःच्या पेशी त्यांना घरचेच समजून सोडून देतील.

तीन. मल्टिपल मायलोमा, लिम्फोमा यांसारख्या काही आजारांत रुग्णाच्या स्वतःच्याच मूळपेशी वापरतात हे खरं. पण त्या त्याच वेळी, काही दिवस इंजेक्शन देऊन, त्याच्या रक्तातून काढता येतात. त्यासाठी जन्मापासून काही साठवावं लागत नाही.

चार. पंच्याहत्तर वर्षांचं वचन. गोठवलेलं नाळेचं रक्त २३ वर्षांहून अधिक काळाने तपासून पेशी जिवंत असल्याचं प्रयोगशाळेत दाखवलं आहे. नाळेच्या रक्ताच्या पेढ्याच मुळी १९९० च्या दशकात सुरू झाल्या. पंच्याहत्तर वर्षांचा अनुभव जगात कुणाकडेच असू शकत नाही.

हे माझं एकट्याचं मत नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतलं रक्त भविष्यात स्वतःसाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आहे. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हिनेही २०१८ मध्ये असंच मत दिलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःचं नाळेचं रक्त वापरावं लागण्याची शक्यता चारशेत एक ते दोन लाखांत एक अशी सांगितली आहे. अंदाजांत एवढी तफावत असते तेव्हा विकणारा कोणता आकडा छापेल, हे तुम्हीच ओळखा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह अशा आजारांची यादीही अशा पत्रकांत असते. या आजारांसाठी नाळेतल्या मूळपेशींचा उपचार सिद्ध झालेला नाही. आपल्याकडे तो फक्त रीतसर परवानगी घेतलेल्या चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

मग अपवाद नाही का?

आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा प्रत्यारोपणाने बरा होणारा दुसरा आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर येणाऱ्या बाळाचं नाळेचं रक्त जरूर साठवा. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. अर्थात त्या बाळाला तोच आजार नसावा लागतो, नुसतं कॅरिअर असेल तर चालतं. ही गोष्ट बाळंतपणाच्या दिवशी सुचून उपयोग नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यातच तुमच्या रक्तविकारतज्ज्ञाशी बोला. विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या सिकलसेल असलेल्या घरांना आणि थॅलेसेमिया असलेल्या सिंधी, पंजाबी, कच्छी कुटुंबांना हे मी मुद्दाम सांगतो. आणि तेव्हा रक्त साठवायचं राहून गेलं तरी हातपाय गाळू नका. जुळणारं भावंड थोडं मोठं झालं की त्याचा बोन मॅरो घेता येतो.

मोठ्या माणसांसाठी आज काय आहे?

नाळेच्या रक्ताचं संशोधन चालू असतानाच शेजारी दुसरा रस्ता तयार झाला. आई, वडील, मुलगा, मुलगी, यांच्याशी आपण निम्मे तरी जुळतोच. पूर्वी अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपण फार धोक्याचं होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दाखवलं की प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनं, स्वस्त औषध दिलं तर तो धोका बराच आटोक्यात येतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३६८ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी अर्धी जुळणी घेतलेले ५७ टक्के रुग्ण जिवंत होते, दोन नाळेच्या पिशव्या घेतलेले ४६ टक्के. हे नाळेचं रक्त न वाढवलेलं होतं, हे खरं. पण आपल्याकडे बहुतेक केंद्रं आज अर्ध्या जुळणीकडे का वळतात, ते यावरून कळेल. दाता घरातच असतो आणि औषध परवडतं.

म्हणून नाळेचं रक्त संपलं का? मला तसं वाटत नाही. सगळ्यांनाच योग्य नातेवाईक मिळत नाही. सिएटलच्या २०१६ च्या अभ्यासात, प्रत्यारोपणाच्या वेळी शरीरात थोडा कॅन्सर शिल्लक असलेल्या रुग्णांत नाळेच्या रक्तानंतर आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. अशा रुग्णासाठी वाढवलेलं नाळेचं रक्त उद्या पहिली पसंती ठरू शकतं.

आणि इथेच माझा मुद्दा पूर्ण होतो. हे संशोधन जितकं पुढे जाईल, तितकी दान केलेली, सगळ्यांसाठी खुली असलेली पिशवी मोलाची होईल. कमी पेशींमुळे सार्वजनिक पेढ्यांना आज टाकून द्याव्या लागणाऱ्या पिशव्या कामी येतील. निवडीला वाव वाढेल. पण आपल्याच बाळासाठी कुलपात ठेवलेल्या पिशवीचा उपयोग जवळजवळ तेवढाच राहील, जेवढा आज आहे.

नाळ कापायची घाई नको

हा मुद्दा सासूबाईंसाठी होता आणि त्यांना तो सर्वांत आवडला. नाळेतलं रक्त "वाया जाणारं" नसतं. बाळ जन्मल्यावर ते काही वेळ बाळाकडेच वाहत असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की नाळ एक मिनिटाच्या आत कापू नये. त्या एक ते तीन मिनिटांत बाळाला जे रक्त मिळतं, त्यातल्या लोहाचा साठा त्याला पुढचे काही महिने पुरतो. आपल्याकडे किती आया आणि बाळं रक्तक्षयाची असतात, हे मी रोज बघतो. पिशवी भरावी म्हणून नाळ लवकर कापली, तर पंच्याहत्तर वर्षांनंतरच्या कल्पनेसाठी आजचं नक्की मिळणारं लोह आपण काढून घेतो. आजी म्हणाल्या, "म्हणजे त्याचंच त्याला देऊन टाकायचं." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

सही करण्याआधी विचारा

एवढं करूनही कुणी साठवायचं ठरवलं, तर तो तुमचा हक्क आहे. फक्त हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

– पिशवीत नेमक्या किती पेशी मिळाल्या, त्यातल्या किती जिवंत आहेत, हा रिपोर्ट देणार का? संख्या फार कमी आली तर पैसे परत मिळणार का?

– आतापर्यंत तुमच्याकडच्या किती पिशव्या प्रत्यक्ष रुग्णांना दिल्या? त्यातल्या किती बाळाच्या स्वतःसाठी, किती भावंडांसाठी?

– सर्वांनी मिळून वापरायची योजना असेल तर त्या साठ्यात पुरेशा पेशींच्या पिशव्या किती?

– कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर माझ्या पिशवीचं काय?

– नाळेच्या रक्ताबरोबर नाळेचा तुकडा वगैरे साठवण्याचे वेगळे पैसे मागत असाल, तर त्याला परवानगी कुठली? २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे परवानगी आहे ती फक्त नाळेचं रक्त साठवण्याची.

– नाळ एक मिनिट न कापता थांबायचं, हे तुम्हाला मान्य आहे का?

त्याऐवजी काय करता येईल?

नाळेचं रक्त दान करण्याची सोय आपल्याकडे प्रत्येक गावात सोडाच, बहुतेक शहरांतही नाही. ती वाढावी असं मला मनापासून वाटतं. पण तोवर हात बांधून बसायला नको. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दोघांची थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. ही साधी रक्ततपासणी एका घरावरचं आयुष्यभराचं संकट टाळू शकते. आणि तुम्ही १८ वर्षांवरचे, तरुण, निरोगी असाल तर 'दात्री'सारख्या दाता-नोंदणीत नाव घाला. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, एवढंच. आपल्या समाजात लग्नं जातीत, पोटजातीत होत आली, त्यामुळे एखाद्या गावच्या रुग्णाचा जुळणारा दाता त्याच पट्ट्यात कुठेतरी असण्याची शक्यता जास्त. तो तुम्ही असू शकता.

ते जोडपं काय करणार, मी विचारलं नाही. निघताना नवऱ्याने पत्रक पुन्हा पिशवीत घातलं आणि दारात थबकून विचारलं, "डॉक्टर, ती गालातली तपासणी आम्हा दोघांची होईल का?" मी म्हटलं, "ताईंची बाळंतपणानंतर बघू. तुमची मात्र या आठवड्यातही होईल."